एका कॉर्नरनंतर गोलरेषेवरच थांबलेल्या गोलरक्षकास

पत्राचा सारांश : मी २१ वर्षांचा असून कळव्याला आईवडिलांसोबत राहतो. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या संघात मी दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक आहे आणि सरावासाठी रोज सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून नेरूळला जातो. आमच्या पहिल्या गोलरक्षकाचे मनगट दुखावल्यामुळे मला तीन सामने खेळायला मिळाले. तिसऱ्या सामन्यात ८८व्या मिनिटाला कॉर्नरवर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर) मी बाहेर आलो, चेंडूपर्यंत पोहोचलो नाही, मागच्या, म्हणजे दूरच्या खांबापाशी त्यांच्या खेळाडूने डोके लावले आणि आम्ही ०-१ असे हरलो. त्या गोलची क्लिप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरली. तेव्हापासून क्रॉस (कडेने गोलसमोर टाकलेला चेंडू) आला की माझे पाय गोलरेषेवरून हलत नाहीत. आता पहिला गोलरक्षक परतला आहे आणि मी पुन्हा बाकावर आहे. प्रशिक्षक म्हणतात की मी मैदानावर बोलत नाही. पण कर्णधार माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत, मी त्यांना दादा म्हणतो, त्यांच्यावर ओरडायचे कसे? वडील म्हणतात, पोलीस भरतीचा अर्ज भर. झालेली चूक विसरायची कशी आणि बाकावर बसून राहणे ही नोकरी म्हणायची का, हे कृपया सांगावे.

उत्तर :

तुमचे पत्र दोनदा वाचले. चूक विसरायची कशी, असे तुम्ही विचारता. पण विसरण्याची घाई करू नये, असे मला वाटते. त्या गोलची आठवण येते ही तुमची अडचण नाही. त्या आठवणीतून तुम्ही एक चुकीचा निष्कर्ष काढून बसला आहात, ही खरी अडचण आहे. बाहेर आलो म्हणून गोल झाला, तेव्हा यापुढे बाहेर यायचेच नाही, असा तो निष्कर्ष आहे. बाहेर येण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे गोल झाला यावरून ठरत नाही. चेंडू मारला गेला त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होते आणि त्यावरून तुम्ही काय ठरवले, यावरून ते ठरते. सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेली क्लिप समोरच्या बाजूने कोणीतरी मोबाइलवर टिपलेली असणार, आणि अशा क्लिपा बहुधा चेंडू हवेत गेल्यानंतरच सुरू होतात. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर तुमचा न्याय व्हायला हवा, त्या तिच्यात आलेल्याच नसतात.

याचे सर्वांत क्रूर उदाहरण ब्राझीलचे गोलरक्षक मोआसिर बार्बोसा यांचे आहे. १६ जुलै १९५० रोजी माराकाना मैदानावर दीड लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला आणि ब्राझीलला बरोबरीसुद्धा पुरेशी होती. उरुग्वेचा पहिला गोल कसा झाला, ते नीट पाहा. उजव्या बाजूने घिग्गिया धावत आला, त्याने चेंडू मध्ये टाकला आणि शियाफिनोने गोल केला. ७९व्या मिनिटाला तोच घिग्गिया त्याच बाजूने पुन्हा आला. बार्बोसांनी काही मिनिटांपूर्वी जे पाहिले होते त्याच्या आधारावर क्रॉसचा अंदाज बांधला आणि ते जवळच्या खांबापासून किंचित सुटले. घिग्गियाने मात्र या वेळी खांब आणि गोलरक्षक यांच्यामधल्या फटीतून थेट फटका मारला. ब्राझील १-२ असा हरला. बार्बोसा २००० साली निधन पावले, तोपर्यंत पन्नास वर्षे हा पराभव त्यांच्याच नावावर मांडला गेला. फट सोडली हा तांत्रिक दोष जरूर होता. तरीही त्या अंदाजाला आधार होता, आणि त्याबद्दल माणसाला जन्मभर जबाबदार धरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पहिला गोल आठवून पाहिला असेल.

आता याच्या अगदी उलट टोकाचे, आपल्या देशातले उदाहरण पाहा. २०११ च्या आशिया चषकात दोहा येथे भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्यावर तीन सामन्यांत १३ गोल झाले : ऑस्ट्रेलियाचे ४, बहरीनचे ५ आणि दक्षिण कोरियाचे ४. आकडा पाहून कोणी म्हणेल की हा गोलरक्षक अपयशी ठरला. प्रत्यक्षात त्या स्पर्धेतून त्याचे नाव मोठे होऊन बाहेर पडले, कारण ज्यांनी सामने पाहिले त्यांना त्या १३ गोलांव्यतिरिक्त किती गोल होऊ शकले असते, हे दिसत होते. गोलची संख्या हा संपूर्ण संघाचा हिशेब असतो, आणि तुमच्या व्यवसायात टिकायचे असेल तर तो स्वतःच्या खात्यावर लिहिण्याची सवय आधी मोडायला हवी.

तेव्हा सोसायटीची क्लिप बाजूला ठेवा. क्लबकडे सामन्याचे पूर्ण चित्रीकरण असते, ते गोलरक्षक-प्रशिक्षकांकडून मागून घ्या आणि त्यांच्यासोबत बसून दोनच जागी थांबवून पाहा. पहिली जागा, कॉर्नर मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो तो क्षण : तुम्ही गोलच्या मध्याजवळ, रेषेच्या थोडे पुढे आणि अंग मैदानाकडे उघडे ठेवून उभे होता की पहिल्या, म्हणजे कॉर्नरच्या जवळच्या खांबाकडे झुकून, केवळ चेंडूकडे तोंड करून उभे होता? दुसरी जागा, तुम्ही टाकलेले पहिले पाऊल : चेंडूची उंची आणि वळण दिसण्याआधीच ते पडले, की दिसल्यानंतर विचार करून उशिरा पडले? चेंडू मागच्या खांबापाशी गेला, यावरून माझा अंदाज असा आहे की तुम्ही उभे राहतानाच पहिल्या खांबाच्या फार जवळ होता, आणि मग मागे सरकत जाताना गर्दीत अडकलात. हा केवळ अंदाज आहे. चित्रीकरण पाहिल्यावर तो खोटाही ठरेल. पण खरा ठरला, तर तुमच्या लक्षात येईल की चूक धाडसाची नव्हती, दोन पावलांची होती, आणि दोन पावले आठवडाभराच्या सरावात दुरुस्त होतात.

बाहेर येण्याबाबत एकच नियम कधीही मोडू नये : निघालात की पूर्ण निघायचे. गोलच्या तोंडाशी जी साडेपाच मीटरची छोटी चौकट असते, तिच्यात अर्ध्यावर थांबलेला गोलरक्षक वर्दळीचा घोडबंदर रोड ओलांडताना मध्येच विचार बदलणाऱ्या माणसासारखा असतो. तो अलीकडेही नसतो आणि पलीकडेही नसतो. निघताना 'कीपर!' अशी एकच मोठी हाक द्यायची, म्हणजे आपले बचावपटू बाजूला होतात. गर्दी असेल तर चेंडू पकडण्याच्या मोहात न पडता दोन्ही मुठींनी तो दूर, उंच आणि शक्यतो कडेला घालवायचा. पावसाळ्यात आपल्याकडच्या मैदानांवर गोलच्या तोंडाशी जे तळे साचते, त्यात उडी मारण्यासाठी पाय रोवताच येत नाही. तिथे तर मुठीच बऱ्या. आणि निघायचे नाही असे ठरले, तर तेही तितकेच ठामपणे ठरवून रेषेवर तयार उभे राहायचे. रेषेवर थांबणे हा निर्णय असू शकतो. तुमचे सध्या जे होते आहे त्याला निर्णय म्हणता येत नाही, कारण क्रॉस येण्याआधीच तुमचे ठरलेले असते.

लोक काय म्हणतील याची भीती गोलरक्षकाच्या पायांवर कसा परिणाम करते, याचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. इस्रायलमधील संशोधकांनी २००७ साली वरच्या दर्जाच्या स्पर्धांतील २८६ पेनल्टींचे विश्लेषण मांडले. त्यांत सुमारे २९ टक्के फटके गोलच्या मधल्या भागात आले होते. गोलरक्षक मात्र जेमतेम ६ टक्के वेळा मध्ये थांबले, एरवी त्यांनी डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतली. जागेवर उभे राहून गोल झाला तर काहीच केले नाही असा ठपका बसतो, झेप घेऊन झाला तर निदान प्रयत्न तरी दिसतो, असे त्यामागचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ताशी १०० किलोमीटर वेगाचा फटका ११ मीटरचे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो, त्यामुळे पेनल्टीला अंदाज बांधावा लागतो हे मान्य. पण तो अंदाजसुद्धा बघणाऱ्यांच्या धाकाखाली बांधला जातो, हे लक्षात घ्या. त्यांना वाटणारा धाक झेप घ्यायला लावतो आणि तुम्हाला वाटणारा धाक रेषेवर खिळवून ठेवतो. पण दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारा माणूस प्रेक्षकांतच बसलेला आहे.

गोल झाल्यानंतरच्या मिनिटासाठी बहुतेक व्यावसायिक गोलरक्षकांचा काही ठरलेला क्रम असतो. तुमचा नसेल तर तयार करा. ग्लोव्हचा मनगटावरचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट आवळणे, एक घोट पाणी पिणे, आणि मग जवळच्या बचावपटूला पुढच्या कामाबद्दल एक वाक्य बोलणे, इतके पुरते. त्या वाक्यात झालेल्या गोलचा उल्लेख नसावा. गोल का झाला याची चर्चा दुसऱ्या दिवशी, चित्रीकरणासमोर करायची. हे ऐकायला यांत्रिक वाटेल, आणि ते तसेच हवे आहे. त्या मिनिटात मनाला मोकळे सोडले तर ते नेमके नको तिथे जाते.

नव्वद मिनिटे एकाग्र राहा, असा उपदेश तुम्हाला अनेकांनी केला असेल. मला तो पटत नाही, कारण तसे कोणालाच जमत नाही. चेंडू समोरच्या गोलपाशी असेल तेव्हा पेनल्टी क्षेत्राच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) टोकापर्यंत पुढे यावे, खांदे सैल सोडावेत, आपल्या मागच्या फळीची रचना पाहावी. चेंडू मध्यरेषा ओलांडून अलीकडे आला की नजर आवळत जावी. लक्ष असे कमी-जास्त करता येणे हे कौशल्य आहे आणि त्याचा सराव करता येतो.

चूक करूनही पुढे उभे राहता येते का, या प्रश्नासाठी इटलीच्या डिनो झॉफ यांच्याकडे पाहावे. १९७८ च्या विश्वचषकात नेदरलँड्स आणि ब्राझील यांच्याविरुद्ध दुरून मारलेल्या फटक्यांवर त्यांच्यावर गोल झाले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते आणि नजर गेली, वय झाले अशी टीका झाली. चार वर्षांनी, १९८२ च्या स्पर्धेत, चाळिशीचे झॉफ इटलीचे कर्णधार होते. ब्राझीलविरुद्ध ३-२ अशी आघाडी असताना अखेरच्या क्षणांत ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू त्यांनी गोलरेषेवर नुसता अडवला नाही, तर दाबून धरला. तो हातून निसटून पुढे गेला असता तर समोर ब्राझीलचे पिवळे शर्ट उभेच होते. इटलीने तो सामना आणि पुढे विश्वचषकही जिंकला.

आता तुमच्या कर्णधार दादांविषयी. मोठ्यांशी आवाज चढवून बोलायचे नाही, हे संस्कार मैदानाबाहेर ठेवून या, असे मी सांगणार नाही. कारण मैदानावर द्यायच्या हाकेत अनादर नसतोच, माहिती असते. सगळे मैदान समोर दिसणारा संघातला एकमेव माणूस तुम्ही आहात, आणि कर्णधाराच्या पाठीमागे कोण धावतो आहे हे त्यांना दिसत नाही. ते तुम्हाला दिसत असताना तुम्ही गप्प राहिलात, तर तो आदर नव्हे. त्यांची अडचण तुम्ही वाढवलेली असते. शब्द थोडे आणि ठरलेले ठेवा : 'मॅन ऑन' (मागे माणूस आहे), 'टाइम' (वेळ आहे), 'अवे' (चेंडू दूर घालव), 'मागचा खांब', 'लाइन पुढे' (बचावफळी पुढे). नावाने हाक मारायची असेल तर मैदानावरचे छोटे नाव कोणते वापरू, असे त्यांनाच सरावाच्या आधी विचारा. 'दादा, मैदानात मी तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारली तर चालेल ना?' असे विचारल्यावर नाही म्हणणारा कर्णधार मला तरी अजून भेटलेला नाही. बहुतेक जण 'अरे, मारच' म्हणतात आणि मनातून सुखावतात. हाक चेंडू येण्याआधी पोहोचली पाहिजे, हे मात्र लक्षात असू द्या. गोल झाल्यावर हात फेकून ओरडणाऱ्या गोलरक्षकाबद्दल कोणत्याही संघात चांगले बोलले जात नाही.

बोलण्याचे महत्त्व नियमांनीही वाढवले आहे. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही, त्यामुळे तुम्ही पायाने खेळणारे अकरावे खेळाडू झालात. २०१९ पासून गोलकिक (गोलपासून खेळ पुन्हा सुरू करणारा फटका) पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच सहकारी ती घेऊ शकतो, म्हणजे प्रतिस्पर्धी दारात उभा असताना पास द्यायची वेळ येते. आणि २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदे पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात. चेंडू हातात आल्यानंतर कोणाला कुठे जायचे हे सांगायला सुरुवात केली तर ती सेकंदे तिथेच संपतात. तुमच्या पत्रात पायाच्या खेळाविषयी एकही वाक्य नाही, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. आजचा प्रशिक्षक दोन गोलरक्षकांमधून एक निवडताना कदाचित याच गोष्टीवर निवडत असेल.

बाकाविषयी तुम्ही विचारले आहे. ती नोकरी आहे, आणि तिचे काम पहिल्या गोलरक्षकापेक्षा वेगळे आहे. संघात बचावपटूंच्या चार जागा असतात, तुमची एकच असते. ती रिकामी होण्याची वेळ तुमच्या हातात नसते. भारताचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू २०१४ साली नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये गेला आणि त्याला तिथल्या लीगमधला पहिला सामना २०१६ साली मिळाला. मधल्या काळात तो काय करत होता याचे उत्तर १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे मिळाले, जेव्हा आशियाई विजेत्या कतारला त्याने एकही गोल करू दिला नाही आणि भारताने ०-० अशी बरोबरी राखली. १९९० च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या पुम्पिदो यांचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला. बाकावरून उठलेल्या गॉयकोचेआ यांनी पुढे युगोस्लाव्हिया आणि इटली यांच्याविरुद्ध पेनल्टी अडवून संघाला अंतिम फेरीत नेले. २०१४ मध्ये नेदरलँड्सचा टिम क्रूल कोस्टा रिकाविरुद्ध १२०व्या मिनिटाला केवळ निकाल लावणाऱ्या पेनल्टींसाठी मैदानात आला आणि त्याने दोन अडवल्या. अशी हाक प्रत्येकाला येईलच, असे मी म्हणत नाही. बहुतेकांना येत नाही, आणि हा व्यवसाय निवडताना ते माहीत असलेले बरे.

दुसऱ्या गोलरक्षकाचे रोजचे काम मात्र निश्चित असते. सामन्याआधी पहिल्याला तयार करणे, त्याला हवे तसेच चेंडू मारणे, प्रतिस्पर्ध्यांचे पेनल्टी आणि कॉर्नर मारणारे खेळाडू पाहून ठेवणे, आणि मध्यंतरात त्याला बाकावरून दिसलेली एखादी उपयोगाची गोष्ट सांगणे. हे काम मनापासून करणारा दुसरा गोलरक्षक प्रशिक्षकांच्या नजरेत असतो. शिवाय सरावाच्या शेवटी दहा मिनिटे फक्त कॉर्नर मागून घ्या आणि समोर अंगावर येणारे चार-पाच उंच सहकारी उभे करा. मोकळ्या गोलमध्ये एकट्याने पकडलेल्या क्रॉसचा तुम्हाला आता काही उपयोग नाही. हंगामाच्या अखेरीस लोनवर (ठरावीक काळापुरते) दुसऱ्या क्लबकडे जाऊन खेळता येईल का, हेही स्पष्ट विचारा. तुमच्या वयाला बाकापेक्षा खालच्या स्तरावरचे सामने अधिक मोलाचे आहेत, असे माझे मत आहे.

वडिलांच्या सूचनेवर रागावू नका. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. शालेय आणि राज्य स्पर्धांची तुमची प्रमाणपत्रे कपाटात कुठेतरी पडलेली असतील, ती शोधून पात्रतेचे निकष जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून या. अर्ज भरल्याने फुटबॉल सुटत नाही. मैदानी चाचणी आणि क्लबचे सामने एकाच आठवड्यात आले तर काय करायचे, हे मात्र आताच ठरवा, त्यासाठी क्लबशी झालेल्या करारातली रजेची आणि इतर नोकरीविषयीची कलमे वाचा, आणि ती वाचताना वडिलांना शेजारी बसवा.